तलवारीची शहानिशा

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबी या लिलावगृहात विक्रीस निघाली, महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून, वाहतूक व विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळवली, आणि ऑगस्टमध्ये ती समारंभपूर्वक मुंबईस आणली गेली. त्या वेळी सर्वत्र जो आनंद उसळला तो योग्यच होता. सुमारे दोनशे वर्षांनी घरी आलेल्या वस्तूचे स्वागत रुक्ष मनाने करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसला नाही. ही तलवार रघूजींची, हे आपणांस कळले कशावरून?

प्रश्न विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. उलट या तलवारीच्या बाबतीत त्याला बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर आहे, आणि तेच लोकांपुढे यावयास हवे होते. पाते सरळ, एकधारी व युरोपीय घडणीचे आहे; मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची, म्हणजे निःसंशय दख्खनी कारागिराच्या हातची आहे; आणि पात्याच्या पाठीवर मुठीलगत सोन्याच्या पाण्याने देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिबसुभा फिरंग’ असा लेख आहे. सेनासाहेबसुभा हा किताब रघूजींना छत्रपती शाहू महाराजांनी दिला होता. मालकाचे नाव, त्याचा हुद्दा आणि शेवटी जिन्नसाची जात, या क्रमाने लिहिलेला हा मजकूर स्तुतिपर नाही. तो सिलेखान्याच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या, फेहरिस्तीतली एखादी कलमबंदी पात्यावर उतरावी तसा कोरडा आहे, आणि या कोरडेपणामुळेच तो विश्वासार्ह वाटतो. बनावट लेख लिहिणारा मनुष्य बहुधा इतक्या थोड्या शब्दांत थांबत नाही.

तरीही येथेच चौकशी संपली असे मानणे उतावळेपणाचे होईल. नागपूरच्या गादीवर रघूजी या नावाचे तीन पुरुष होऊन गेले. पहिले १७५५ साली वारले, दुसरे १८१६ साली, आणि तिसऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांना औरस पुत्र नाही या सबबीवर १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्यच खालसा केले. सेनासाहेबसुभा हा किताबही पहिल्या रघूजींबरोबर संपला नाही. तो त्या घराण्यात पुढे चालत राहिला, आणि दुसरे रघूजीही तो धारण करीत होते. तेव्हा नाव आणि किताब एवढ्या दोनच गोष्टींवरून ती तलवार आजोबांची की नातवाची हे लेख स्वतः सांगत नाही. मुठीचा घाट, नक्षीची धाटणी, अक्षरांचे वळण, पात्याचा काळ यांवरून कौल पहिल्या रघूजींकडे जात असेल, तर तो कोणत्या लक्षणांवरून गेला हे तज्ज्ञांनी लिहून ठेवावे आणि ते तलवारीशेजारी लावावे. ती परदेशी गेली कशी, याविषयीही १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट हे कारण सर्वांच्या तोंडी बसले आहे. पण १८५४ नंतर भोसल्यांच्या जामदारखान्याचा जो लिलाव झाला तो, अथवा एखाद्या रेसिडेंटास दिलेला नजराणा, हेही मार्ग तितकेच संभवनीय आहेत, आणि कागद सापडेपर्यंत तिन्हींना संभव याहून मोठी पदवी देता येत नाही.

इतका कीस काढण्याचे कारण असे, की जुन्या तलवारींच्या व्यवहारात संपूर्ण बनावट हत्यारापेक्षा अस्सल हत्यारावर चिकटवलेले खोटे नाव हा प्रकार कितीतरी अधिक आढळतो, आणि अधिक अनर्थ तोच करतो. बनावट पाते जाणकाराच्या हाती पडताच बहुधा उघडे होते; पण सतराव्या शतकातील एखाद्या अज्ञात शिलेदाराची उत्तम तलवार जेव्हा एखाद्या सेनापतीच्या नावावर चढते, तेव्हा लोखंड, घाट, जीर्णता सर्व काही खरे असल्यामुळे परीक्षकही बेसावध होतो आणि त्या शिलेदाराचा उरलासुरला पुरावाही पुसला जातो. आपल्याकडील सर्वसाधारण समज मात्र नेमका उलटा आहे: नाव मोठे असले की वस्तू खरी, आणि पाते परदेशी निघाले की वस्तू खोटी. या दोन्ही समजुती मुळातून काढून टाकल्यावाचून शस्त्रांचा अभ्यास आपल्याकडे रुजणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी पात्याविषयीचा गैरसमज आधी घेऊ. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि पुढे इतर टोपीकरांच्या जहाजांतून जर्मनीतील झोलिंगेन, स्पेनमधील टोलेडो, इटलीतील जिनोआ अशा ठिकाणची पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. ती सरळ, लांब आणि लवचिक असत, घोडेस्वाराला खुपसण्यासाठी व लांबून वार करण्यासाठी सोयीची असत, आणि दख्खनेत त्यांना देशी मुठी बसवून जे हत्यार तयार होई तेच फिरंग म्हणून ओळखले जाई. कोकणातल्या सावंतांकडून शिवछत्रपतींना एक उत्तम फिरंग मिळाल्याची हकिकत बखरपरंपरेत आहे; ती शब्दशः खरी मानावी की नाही हा प्रश्न वेगळा, पण राजाच्या हाती परदेशी पाते असण्यात कमीपणा आहे असे ती लिहिणाऱ्याला अथवा ऐकणाऱ्याला वाटत नव्हते एवढे तिच्यावरून निश्चित कळते. दांडपट्ट्याची कितीतरी पातीदेखील युरोपातून आलेली आहेत. मराठी तलवारीचे पाते युरोपीय असणे हा तिच्या विरुद्धचा पुरावा तर नाहीच. मूठ, मढवणूक आणि जीर्णता एकमेकींशी जुळत असतील तर तो तिच्या बाजूचा पुरावा आहे.

मात्र पाते युरोपीय दिसते एवढ्यावरून ते अमुक गावचे असे सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. पात्यावरील ठसे पाहून मूळ गाव ठरवण्याची हौस नवशिक्यांना फार असते, आणि ठशांइतके फसवे साक्षीदार दुसरे नाहीत. धावत्या लांडग्याची ओबडधोबड आकृती हा मुळात पासाऊ नगराच्या कारागिरांचा ठसा. पण त्याची कीर्ती झाल्यावर झोलिंगेनच्या लोहारांनी तो बिनदिक्कत उचलला, आणि पुढे काकेशसपर्यंत तो पसरला. आंद्रेया फेरारा हे इटालियन कारागिराचे नाव इतक्या पात्यांवर, इतक्या प्रकारच्या वर्णलेखनाने आढळते की त्याच्या एकट्याच्या भट्टीतून ती सारी निघणे अशक्य आहे. जिनोआची म्हणून प्रसिद्ध असलेली, दोन दातेरी कमानी समोरासमोर ठेवाव्यात तशी विळ्यांची जोडी तर आपल्या इकडच्या लोहारांनीही मनसोक्त नकलली, कारण ती खूण दिसली की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देई. सारांश, बनावट हा आजच्या बाजाराचा शोध नव्हे. सतराव्या शतकातील बनावटसुद्धा आता तीन-साडेतीनशे वर्षांची झालेली आहे, आणि खोट्या ठशाचे पाते कालदृष्ट्या पूर्णपणे अस्सल असू शकते.

अशा काही पात्यांवर लांडग्याशेजारी पितळेने भरलेले १४१४, १४४१ यांसारखे आकडे असतात, आणि ते पाहून तलवार पंधराव्या शतकातील ठरवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. ती साले नव्हेत. अभ्यासकांच्या मते ते शुभांक आहेत, धारण करणाऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून घातलेले, आणि ज्या पात्यांवर ते आढळतात त्यांतली पुष्कळशी त्या सालांहून खूप अलीकडची आहेत.

देशी पोलादाची कथा याहून रम्य आहे आणि तितकीच गुंतागुंतीची. मुशीत वितळवून काढलेल्या, कर्बाचे प्रमाण अधिक असलेल्या दख्खनी पोलादाचे पाते नीट घासून त्यावर सौम्य आम्ल अथवा हिराकसाचे पाणी फिरवले, की वाहत्या पाण्यावरील तरंगांसारख्या रेषा उमटतात. त्यांना जौहर म्हणतात. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम येथे हे पोलाद होत असे, आणि ते विकत घेण्यासाठी इस्फहानचा एक व्यापारी तेथे मुक्काम करून असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज डॉक्टराने केली आहे. म्हणजे ज्या पात्यास आपण इराणी म्हणून डोक्यावर घेतो त्याचे पोलाद आपल्याच शेजारचे असण्याचा पुरेपूर संभव आहे. शाह अब्बासाच्या काळचा इस्फहानी कारागीर असदुल्ला याचे नाव तर शतकाहून अधिक काळातल्या पात्यांवर आढळते. तेव्हा तेही फेराराच्या पंगतीलाच बसवावे. जौहराचीही नक्कल होते. साध्या पोलादावर आम्लाने चितारलेल्या रेषा पुन्हा हलके घासल्या की विरतात. खरा जौहर धातूच्या घडणीत असल्यामुळे घासून गेला तरी आम्ल लावताच तसाच पुन्हा वर येतो. दोन पोलादांचे थर एकत्र कुटून आज जी दमास्कस नावाची पाती सर्रास विकली जातात त्यांची नक्षी ठळक, नियमित, लाकडाच्या नसांसारखी असते. जुना जौहर पाहिलेल्या डोळ्यास ती क्षणभरही फसवीत नाही.

पात्याकडून मुठीकडे आलो, म्हणजे परीक्षेचा खरा गाभा आला. आपल्याकडील तलवारीचे पाते मुठीत रिव्हेट मारून क्वचितच बसवीत; पात्याचे आखूड शेपूट मुठीच्या पोकळीत घालून ती पोकळी वितळलेल्या लाखेने भरीत, आणि लाख थंड झाली की ती पकड पिढ्यान्‌पिढ्या टिके. याचाच दुसरा अर्थ असा, की थोडी ऊब दिली की कोणतीही मूठ कोणत्याही पात्यावरून सुटते आणि दुसऱ्यावर बसते. म्हणून भिंग घेऊन प्रथम परज आणि पाते यांच्या सांध्याकडे पाहावे. तेथे काळी, तडकलेली, धुळीशी एकजीव झालेली लाख आहे, की तांबूस, तुकतुकीत, कालपरवाची? परजेच्या सावलीखालचा गंज पात्यावरच्या गंजाशी सलग आहे, की मूठ आल्यावर एकाएकी तुटतो? सोन्याची कोफ्तगिरी असेल तर सोने झिजलेल्या ठिकाणी लोखंडावर आडव्या-तिडव्या बारीक चिरांची जाळी दिसली पाहिजे, कारण त्या चिरांत ठोकूनच तार धरलेली असते. विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा असेल तर जाळी दिसत नाही, आणि सोने गंजाच्या खड्ड्यांच्या तळापर्यंत गेलेले दिसते, म्हणजे आधी गंज आणि मग सोने असा उलटा क्रम उघड होतो. हातात घेतल्यावर मूठ मुठीत बसते का, हेही पाहावे. शोभेसाठी केलेली तलवार बहुधा टोकाकडे जड आणि निर्जीव लागते. लढाईची तलवार तिच्या वजनाहून हलकी भासते.

परंतु मूठ बदललेली आढळली, एवढ्यावरून तलवार बाद करणेही अन्याय्य होय. एखाद्या जुन्या वाड्याचे जोते एका पिढीचे, दिवाणखाना दुसऱ्या पिढीचा आणि कौले तिसऱ्या पिढीची असतात, म्हणून तो वाडा खोटा ठरत नाही. तद्वतच सतराव्या शतकातील पाते, अठराव्या शतकातील मूठ आणि एकोणिसाव्या शतकातील म्यान ही त्रयी हत्यार वापरात होते याचीच खूण आहे. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ-अधिकाऱ्याने १८५३ साली छापलेल्या ग्रंथात निजामाच्या स्वारांच्या तलवारींची जी हकिकत दिली आहे ती या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या स्वारांच्या वारांनी हातपाय तुटून पडतात हे ऐकून त्याने ती हत्यारे पाहिली, तेव्हा ती इंग्रज ड्रॅगून पलटणींनी जुनी म्हणून टाकून दिलेली पातीच निघाली. फरक एवढाच की स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यानात ठेवून ती धार जपली होती. हैदराबादेच्या एखाद्या घरात असे इंग्रजी पाते आज निघाले, तर कोणी तरी ते अलीकडे जोडलेले म्हणून मोडीत काढील, आणि इतिहासाचा एक चोख दाखला हातचा जाईल.

लेखांविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे फसवणूक बहुधा ढोबळ असते. शिवछत्रपतींच्या नावामागेपुढे आज आपण आदराने जी विशेषणे लावतो तीच जशीच्या तशी पात्यावर कोरलेली दिसली, अक्षरे छापील पुस्तकातल्या खिळ्यांसारखी एकसारखी असली, आणि कोरलेल्या खाचांच्या कडा झिजलेल्या नसून तळाशी धातू चकाकत असला, तर पुढे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत. गंजाच्या खड्ड्यावरून अक्षराची रेघ बिनधोक ओलांडून गेलेली असली, तर ते अक्षर खड्ड्यानंतरचे, हे सांगायला पंडित लागत नाही.

राहिला तो सर्वांत वजनदार आणि सर्वांत दुर्मीळ पुरावा: हस्तांतराची साखळी. टिपू सुलतानाच्या शयनगृहातील म्हणून प्रसिद्ध असलेली तलवार २०२३ च्या मे महिन्यात लंडनच्या बॉनहॅम्स लिलावगृहात १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली, ती केवळ मुठीवरच्या सोन्यामुळे नव्हे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर ती मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यास देण्यात आली, हा पहिला दुवा पक्का होता म्हणून. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारींबाबत ही खातरजमा आणखी सुलभ आहे. विल्किन्सन कंपनीने १८५४ पासून आपल्या पात्यांच्या पाठीवर अनुक्रमांक घालण्यास सुरुवात केली, आणि तिच्या वह्या टिकून आहेत. अंक वाचता आला की ते पाते कधी तपासले गेले आणि पुष्कळदा कोणी घेतले हे वहीतून निघते. हे वाचून आपल्याकडील मनुष्य एक सुस्कारा टाकतो आणि ‘आमच्याकडे असे काही नव्हतेच’ असे म्हणून मोकळा होतो. मला हे म्हणणे मान्य नाही.

आपल्याकडे नोंदी होत्या. आपण त्या विखुरल्या, किंवा दुसऱ्यांना विखुरू दिल्या. बिकानेरच्या सिलेखान्यातील शस्त्रांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेले देवनागरी लेख आहेत. १६८९ मध्ये महाराजा अनुपसिंहांनी औरंगजेबाच्या वतीने अदोनीचा किल्ला घेतला तेव्हा हाती आलेल्या दख्खनी हत्यारांवर ती हकिकतच नमूद आहे, आणि त्या ठिपक्यांच्या आधारे जगभरच्या संग्रहांतून विखुरलेली ती हत्यारे आज एकेक करून ओळखू येतात. तंजावरची गोष्ट याच्या अगदी उलट. तेथे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे शस्त्रागार पुढच्या काही वर्षांत मोडीत निघाले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि बाकीची भंगाराच्या मोलाने. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ साली त्या शस्त्रागारावर एक निबंध लिहून ठेवला नसता, तर मराठ्यांच्या दक्षिणेतील हत्यारांबद्दल आज आपण जे थोडेबहुत जाणतो तेही जाणले नसते. आणि पुण्यात पेशवे दप्तर आहेच. अठरा कारखान्यांत सिलेखाना हा एक कारखाना होता. त्याचा जमाखर्च मोडीत लिहिला जाई. तो मोडी वाचणारी माणसे पगार देऊन बसवावीत आणि त्यांच्याकडून शस्त्रांच्या नोंदी वेचून घ्याव्यात, यापेक्षा उपयुक्त खर्च मला सुचत नाही. लंडनच्या एका लिलावाच्या पैशांत ते काम कित्येक वर्षे चालेल.

आता ज्या गोष्टीविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते त्या गोष्टीकडे वळतो. कोल्हापूरचे अल्पवयीन राजे चौथे शिवाजी यांच्याकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली रत्नजडित मुठीची तलवार आजही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय आहे, त्यावर येशूच्या नावाची रोमन अक्षरे आहेत, आणि ती शिवछत्रपतींची म्हणून दिली व घेतली गेली. तीच भवानी असे मानून ती परत आणण्याची घोषणा १९८० च्या सुमारास महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. ती भवानी नव्हे, जगदंबा, असे अभ्यासकांनी सांगितले. आणि साताऱ्याच्या राजघराण्याकडील तलवार हीच भवानी अशी तेथील परंपरा आहे. जगदंबेच्या बाबतीत १८७५ पासूनची साखळी अभेद्य आहे, आणि त्यापूर्वीची दोनशे वर्षे परंपरेवर उभी आहेत. परंपरा हा पुरावा नव्हे असे मी म्हणणार नाही. राजघराण्याच्या देव्हाऱ्यातील परंपरा बाजारगप्पेहून कितीतरी वजनदार असते. पण तिला परंपराच म्हणावे. २०२४ च्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनी मिळालेली वाघनखे साताऱ्यास आली तेव्हा नेमके हेच झाले नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफकडून ती आलेली आहेत, एवढे संग्रहालयास ठाऊक आहे. ती अफझलखानाच्या भेटीतील होत हे पडताळून पाहणे शक्य नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. धनकोने जे सांगितले ते ऋणकोने पाटीवर लिहू नये, याला सौजन्य म्हणता येत नाही, आणि भक्ती तर नाहीच. शिवरायांच्या थोरवीला अशा मुचलक्याची गरज आहे असे मानणे हीच मला अभक्ती वाटते.

म्हणून माझी सूचना अशी, की शासनाच्या आणि शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाने प्रत्येक हत्यारापुढे नावाआधी आधार लिहावा: लेखावरून, कागदावरून, घराण्याच्या परंपरेवरून, की केवळ घाटावरून. पाते कोठले व अंदाजे केव्हाचे, मूठ कोठली व केव्हाची, दुरुस्ती कोणती, हा तपशील वेगवेगळा द्यावा, आणि मुठीच्या आतले शेपूट पाहण्यासाठी क्ष-किरण छायाचित्र घेतलेले असेल तर तेही लावावे. परदेशातील लिलावात बोली लावण्यापूर्वी शासनाने निदान दोन स्वतंत्र परीक्षकांचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि खरेदीनंतर तो प्रसिद्ध करावा. ज्या पाटीवर ‘निश्चित’ लिहिता येईल अशी हत्यारे थोडी निघतील, हे मान्य. पण ‘मालक अज्ञात, पाते झोलिंगेन, मूठ दख्खनी, सतरावे शतक’ ही पाटी वाचून ज्याला काहीच वाटत नाही त्याला मोठे नाव वाचून जे वाटते तेही इतिहासाविषयी नसते.

उरली ती घरोघरची हत्यारे, जी खंडेनवमीला बाहेर निघतात. ज्यांच्याकडे अशी वडिलोपार्जित तलवार असेल त्यांना माझी विनंती आहे, की पूजेपूर्वी तिला पॉलिशपेपर, चिंच अथवा विटकरीची पूड लावू नका. शिकलगाराकडे दिलीत तरी सहाणेवर धरू नका म्हणून बजावा, कारण त्या एका घासणीत जौहर, ठसा आणि अक्षरे तिन्ही जातात. कोरड्या सुती कापडाने पुसून पातळ तेलाचा हात फिरवा, आणि ओल धरणाऱ्या म्यानात बारमाही ठेवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्यास मनाई आहे, आणि तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, हे दारात येणाऱ्या दलालास ऐकवा. मूठ, सांधा, पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ आणि असल्यास लेख यांची चांगल्या उजेडात छायाचित्रे काढा. आणि घरातील सर्वांत वडील माणसाकडून ती कोणाकडून कोणाकडे आली एवढेच विचारून, त्यांनी सांगितले तितकेच, आपल्या पदरचे एकही नाव न घालता, तारखेसह कागदावर उतरवून घ्या.